करकरणारं पायताण, मोडका पापड

कोल्हापुरी वहाणेला जुन्या काळी आवाज असायचा. कोरी जोडी पायात चढवून एखादा गडी गल्लीतून निघाला, की वळणावर माणूस दिसण्याआधी त्याचं पायताण ऐकू यायचं. करकर, करकर. हा काही चामड्याचा दोष नव्हता. गिऱ्हाईक तो आवाज मागून घ्यायचं आणि कारागीर तळ शिवताना तो मुद्दाम घडवायचा.

या व्यवहाराचा हिशेब मांडला तर चक्रावायला होतं. वहाणेचे पैसे गिऱ्हाइकाने दिले. आवाजही त्यानेच मागितला. मग तो तालमीपासून देवळापर्यंत आणि चावडीपासून बाजारापर्यंत ती वाजवत हिंडला आणि भेटेल त्याच्या तोंडून ‘कुठनं घेतलीस रे?’ हा प्रश्न काढून घेतला. कारागिराचा जाहिरातीवर दमडीचा खर्च नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे. आपण कुणाच्या मालाची जाहिरात करतोय हे त्या गड्याच्या गावीही नव्हतं. तो स्वतःची जाहिरात करत होता!

हाताने वस्तू घडवून विकणाऱ्या छोट्या उद्योगांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: गिऱ्हाइकांनाच आपले प्रचारक करा. सल्ला चुकीचा नाही. पण तो ऐकून बहुतेक जण काय करतात, तर पिशवीत एक चिठ्ठी घालतात, ‘आवडलं तर इतरांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा.’ ही पाटी आपण इतक्या हॉटेलांच्या भिंतींवर वाचली आहे की ती आता भिंतीचाच भाग झाली आहे. पाटी वाचून कुणी कुणाला काही सांगायला गेल्याचं ऐकिवात नाही. मग माणसं सांगतात तरी का?

अर्नेस्ट डिख्टर नावाचा व्हिएन्नात जन्मलेला मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत जाऊन नेमका याच प्रश्नाच्या मागे लागला. 1966 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त त्याने तोंडोतोंडी होणाऱ्या जाहिरातीवर लेख लिहिला आणि बोलणाऱ्याच्या मनातली चार कारणं मांडली. कधी वस्तूचा अनुभवच असा असतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही. कधी सांगण्याने आपला भाव वधारतो, आपल्याला काहीतरी आधी कळलं याचं सुख मिळतं. कधी समोरच्याचं बरं व्हावं अशी इच्छा असते. आणि कधी जाहिरातच इतकी मजेदार असते की तिचीच चर्चा होते. यादी पुन्हा वाचली की एक गोष्ट लक्षात येते. विकणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून कुणी बोलतं, असं कारण तिच्यात नाहीच. छोट्या उद्योजकाला हे जरा झोंबेल, पण तोंडी जाहिरातीचं सगळं यंत्र याच एका मळसूत्रावर फिरतं.

आता गिरगावात जाऊ. 15 मार्च 1959 रोजी तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने आणलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ती विकायला ठेवली. पुढे ‘लिज्जत’ म्हणून देशभर गेलेल्या उद्योगाची ही सुरुवात बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यातला एक बारकावा मात्र मला 80 रुपयांपेक्षा मोलाचा वाटतो. मोडलेले पापड त्या शेजारीपाजारी वाटून टाकायच्या.

या मोडक्या पापडाचा जरा विचार करा. तो पाकिटात जाणार नव्हता, म्हणजे वाटण्याचा खर्च जवळजवळ शून्य. तुटला तरी चव अख्ख्या पापडाचीच. तो दारात यायचा तो विक्रेतीच्या हातून नव्हे, शेजारणीच्या हातून, कागदात गुंडाळून. त्यात ‘घ्या ना’चा आग्रह नाही, किंमत सांगणं नाही, त्यामुळे समोरचीला सावध होण्याचं कारणही नाही. आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट ही की तो पापड न बोलता एक ग्वाही देत होता. ज्या घरी तुटके तुकडे पोचले त्या घराला आपोआप कळलं की या बायका मोडका माल पाकिटात भरत नाहीत. ‘आमचा दर्जा उत्तम आहे’ असं छापून जे कुणी मानलं नसतं, ते शेजारणीने तळून, खाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे ती दुसरीला सांगणार तेही ठामपणे सांगणार, कारण तो तिचा स्वतःचा निष्कर्ष होता.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबाप्पा म्हणाले, प्रत एकच ठेवा आणि तिच्यात तडजोड नको. वरवर पाहता ही दर्जाबद्दलची सूचना. पण शिफारशीच्या अंगाने बघा. बाजारात दोन प्रती असतील तर एकीने चांगल्या पापडाचं कौतुक करायचं आणि ते ऐकून दुसरीने हलका उचलायचा, असं कधीतरी घडणारच. मग तोंडघशी कोण पडतं? विकणारी नव्हे, सांगणारी पडते. आणि एकदा तोंडघशी पडलेलं माणूस पुन्हा कुणाला काही सुचवायच्या भानगडीत पडत नाही. एकच प्रत ठेवणं म्हणजे सांगणारीच्या शब्दाची राखण करणं.

पहिल्या वर्षी पावसाळ्याने चार महिने काम बंद पाडलं, कारण पापड वाळणार कसे? पुढल्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. पापड खाटेवर, शेगडी खाली, बाहेर पाऊस. एव्हाना कर्णोपकर्णी आणि देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांतून नाव पसरत होतं. त्याचा परिणाम गिऱ्हाइकं वाढण्यापुरता राहिला नाही, लाटणाऱ्या वाढल्या. पहिल्या तीन महिन्यांतच सातच्या पंचवीस झाल्या होत्या, तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तीनशेच्या वर गेल्या. बातमी एका स्वयंपाकघरातून दुसऱ्यात जात होती, आणि ज्या स्वयंपाकघरात पोचत होती तेच पुढे कारखाना होत होतं. ‘लिज्जत’ हे नाव ठरलं 1962 साली, पाच रुपये बक्षिसाची स्पर्धा लावून. म्हणजे पहिली तीन वर्षं हे पापड त्या नावाशिवायच घरोघर पोचत होते.

इथे एक शंका येते. पापडासारखी रोजच्या जेवणातली वस्तू लोकांच्या तोंडी राहते, मान्य. पण हस्तकला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी अनोखं, कधी न पाहिलेलं येतं. अनोख्या वस्तूबद्दल लोक जास्त बोलत असणार ना?

अमेरिकेतल्या जोना बर्जर आणि एरिक श्वार्ट्झ या दोन अभ्यासकांनी 2011 साली हे तपासलं. एका कंपनीने सामान्य लोकांना वस्तू वापरायला देऊन त्यांच्या गप्पांची नोंद ठेवलेली होती. अशा तीनशेहून अधिक उत्पादनांची माहिती त्यांनी चाळली. जे हाती आलं ते व्यापाऱ्यांच्या समजुतीला सुरुंग लावणारं होतं. नवलाईच्या, चमकदार वस्तूंबद्दल लोक सुरुवातीला भरपूर बोलले, मग त्यांना सांगण्याजोगं उरलं नाही. ज्या वस्तू चारचौघांत नजरेला पडत होत्या किंवा रोजच्या आयुष्यात ज्यांची वारंवार आठवण निघत होती, त्यांच्याबद्दलचं बोलणं मात्र महिनोन् महिने चालू राहिलं. नवलाई बोलणं सुरू करते, पण ते टिकवते आठवण. करकरणारं पायताण या निकषाला किती चपखल बसतं बघा: चारचौघांत दिसणारं, रोज पायात असणारं, वर आठवण करून द्यायला आवाज.

दिवाणखान्यात काचेआड ठेवलेली सुंदर वस्तू इथे हरते. तिचं कौतुक होतं ते पाहुणा पहिल्यांदा आला की. चहाचा मातीचा कप, धान्याचं सूप, खांद्यावरची पिशवी, केसांतली पिन, या वस्तू रोज हाताळल्या जातात आणि घराबाहेरही पडतात. हाताने वस्तू घडवणाऱ्याने ‘ही कशी दिसते’ एवढंच विचारून थांबू नये, ‘ही कुठे कुठे जाईल’ हेही विचारावं. मातीकाम करणारे अनेक जण शोभेच्या फुलदाणीवर जीव टाकतात आणि कपबशी पोटापाण्यासाठी म्हणून करतात. जाहिरात बहुधा कपबशीच करत असते.

आणि आपल्याकडे तर वस्तूला घराबाहेर काढणारा एक सोहळाच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी चालणारं हळदीकुंकू आणि त्यात लुटलं जाणारं वाण. जगभरच्या कंपन्या नमुने फुकट वाटण्यावर खर्च करतात. इथे एक बाई बचत गटाकडून पन्नास नग विकत घेते, पूर्ण पैसे मोजते आणि आपल्या हाताने पन्नास घरांत पोचवते! ज्या बायका तिच्याकडे येतात त्या तिने निवडलेल्या, तिच्या ओळखीच्या. वाण हातात देताना दोन वाक्यं बोलली जातातच, ‘अगं, आमच्या गावच्या बायका करतात हे.’ घरी गेल्यावर वस्तूची तुलना होते, कारण त्याच आठवड्यात आणखी चार घरचं वाण आलेलं असतं. विकणारी त्या खोलीत कुठेच नसते. कापडी बटवा, करंडा, वेताची परडी, नाचणीच्या लाडवांची पुडी, काहीही चालतं. अट एवढीच की वस्तूवर ती कुठून आली याचा मागमूस हवा. तो नसतो. पन्नास घरांत गेलेल्या पन्नास सुंदर वस्तूंवर नाव नाही, गाव नाही, फोन नंबर नाही. हे पाहून जीव हळहळतो.

अमेरिकेत 1950 च्या दशकात टपरवेअरचे डबे खपले ते दुकानांतून नव्हे, बायकांच्या घरगुती मेळाव्यांतून. ब्राउनी वाइज ही बाई त्यामागे होती. दुकानातून माल काढून घेऊन तो फक्त घरगुती मेळाव्यांत विकायचा निर्णय 1951 सालचा. तिच्या मेळाव्यांत यजमानीण मैत्रिणींना बोलावून डबे विकायला बसे. आपल्या हळदीकुंकवात विक्री नसते, आणि मला तरी तेच त्याचं बळ वाटतं.

भेट देण्याशी हातच्या कामाचं नातं किती घट्ट आहे यावरही संशोधन झालेलं आहे. 2015 साली क्रिस्टोफ फुक्स, मार्टिन श्रायर आणि स्टाइन व्हॅन ओसेलार यांनी दाखवून दिलं की तीच वस्तू ‘हातची’ म्हणून समोर ठेवली तर लोकांना ती जास्त आकर्षक वाटते, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे करणाऱ्याची माया तिच्यात उतरली आहे असं त्यांना वाटतं. माया! अर्थशास्त्राच्या तक्त्यात न मावणारी गोष्ट, पण प्रयोगात मोजली गेली. म्हणूनच जिवाभावाच्या माणसाला द्यायचं असलं की ओढ हातच्या वस्तूकडे अधिक असते. दूरच्या ओळखीच्याला द्यायचं तर ती ओढ कमी होते. भेट दिली की वस्तूची शिफारसही दिली जाते, वेगळं बोलावं लागत नाही.

पण बातमी जिवलगांतच फिरत राहिली तर ती गल्ली ओलांडत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 सालचा निबंध याच विषयावरचा आहे. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात त्याने लोकांना विचारलं, नोकरीची खबर तुम्हाला कुणाकडून मिळाली? ज्यांना ओळखीतून मिळाली होती, त्यांच्यापैकी वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून ती मिळालेले फक्त 16.7 टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून 55.6 टक्के, क्वचित भेटणाऱ्यांकडून 27.8 टक्के. कारण सोपं आहे, पण सांगितल्याशिवाय सुचत नाही: तुमचे जिवलग एकमेकांनाही ओळखतात, त्यांना जे ठाऊक ते तुम्हालाही ठाऊक असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते आणि तिथे पाय असतो तो अर्धवट ओळखीच्या माणसाचा. पुढे 1987 साली जॅकलिन ब्राउन आणि पीटर रायंगन यांनी पियानो शिकवणाऱ्या शिक्षकांकडे विद्यार्थी कसे येतात याचा माग काढला, कुणाला कुणी सांगितलं आणि त्याला कुणी, अशी साखळी उलगडत. एका गटातून दुसऱ्या गटात बातमी नेण्याचं काम विरळ ओळखींनी केलं होतं. विश्वास मात्र जवळच्याच्या शब्दावर जास्त बसत होता.

विरळ ओळख आणि दाट विश्वास एकाच माणसात एकत्र आले तर? आपल्याकडे असं माणूस घरोघरी आहे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगी. माहेरच्या गल्लीतला मसाला, गोधडी, लोणच्याची बरणी ती सासरी नेते, आणि सासरच्या गोतावळ्यात ती वस्तू आणणारी ती एकटीच असते. तिच्याइतका पक्का पूल कुठल्याही जाहिरात संस्थेला बांधता आलेला नाही. कोकणातून मुंबईला परतणारा चाकरमानीही त्याच जातीचा. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी गिरगाव-लालबागच्या घरांत पोचली ती त्याच्या पिशवीतून. आज तेच काम न्यू जर्सीला निघालेली लेक करते.

पैठणीची तऱ्हा आणखी निराळी. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर आणि काठ उलटा केला तरी मागून तसाच दिसतो. नक्षीचा रंगीत धागा जागच्या जागी अडकवून परत फिरवलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत मागे धाग्यांचे लोंबते तुकडे दिसतात किंवा ते कापलेले असतात. हा फरक येवल्याचा विणकर दुकानात एकदा दाखवतो. त्यानंतर तो दाखवायचं काम नेसणारी करते. लग्नात कुणी ‘खरी आहे का गं?’ म्हटलं की ती पदर उलटा करते, मोर मागूनही तसाच्या तसा. दोन सेकंदांचा प्रयोग, आणि बघणारी चूप! विणकराने तिच्या हाती साडी दिली आणि सोबत एक हुकमी करामतही दिली. सांगणाऱ्याला नुसती माहिती पुरत नाही, सांगताना हात हलवायला काहीतरी लागतं. मडकं वाजवून दाखवा, कापड पाण्यात बुडवून दाखवा, सुरीने दोरा कापून दाखवा. एकदा बघितलेली करामत गिऱ्हाईक घरी जाऊन केल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्या युक्त्या एकाच माणसाने जाणूनबुजून वापरल्या तर काय होतं, त्याचं उदाहरण अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधल्या बर्स्लेम गावी 1730 साली कुंभाराच्या घरात जन्मलेला जोसाया वेजवूड. लहानपणी देवी आल्या, गुडघा कायमचा अधू झाला आणि पुढे 1768 साली पाय कापावा लागला. चाकावर बसणं कठीण, म्हणून तो मातीचे आणि झिलईचे प्रयोग करत राहिला. 1765 साली राणी शार्लटने त्याच्याकडून मलईच्या रंगाच्या भांड्यांचा चहाचा संच मागवला. त्याने त्या भांड्यांचं नावच ‘क्वीन्स वेअर’ ठेवलं. आता गंमत बघा, कुणीही दुकानात जाऊन भांडी मागितली तरी त्याच्या तोंडून राणीची शिफारस निघणार! नंतर त्याने भागीदार बेंटली याला पत्रात विचारलं आहे की या भांड्यांना एवढी मागणी आली त्यात त्यांच्या गुणांचा वाटा किती आणि ती लोकांपुढे ज्या वाटेने आली त्या वाटेचा किती. असा प्रश्न स्वतःच्या यशाबद्दल विचारणारे व्यापारी आजही विरळा.

1773 साली रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने मेजवानीचा प्रचंड संच मागवला. सेंट पीटर्सबर्गबाहेरच्या ज्या राजवाड्यासाठी तो हवा होता ती जागा बेडकांच्या दलदलीची, म्हणून प्रत्येक भांड्यावर हिरवा बेडूक. नग 952, आणि त्यांच्यावर हाताने रंगवलेली ब्रिटनमधली बाराशेहून अधिक दृश्यं: किल्ले, बागा, उमरावांच्या हवेल्या. रशियाला धाडण्याआधी 1774 साली वेजवूडने तो लंडनच्या ग्रीक स्ट्रीटवर मांडून ठेवला. बघायला कोण आलं असेल? ज्यांच्या हवेल्या त्या ताटांवर होत्या ते सगळे, आणि आपलं घर रशियाच्या राणीच्या ताटात कसं दिसतं ते दाखवायला सोबत आणलेले त्यांचे सोयरे. राणी शार्लटही आली. वेजवूडला आधी धास्ती वाटत होती ती वेगळीच, की शेजाऱ्याची हवेली आहे आणि आपली नाही, किंवा आपली आहे पण बारक्या बशीवर, म्हणून कुणी उमराव रुसेल! गिऱ्हाइकाच्या मानापमानाचा इतका बारीक विचार करणारा माणूस पायताणाचा आवाज ऐकून खचितच खूश झाला असता.

आणि त्याने एक अगदी साधी गोष्ट केली. भांडं भट्टीत जाण्याआधी ओल्या मातीत स्वतःचं नाव ठसवलं. पाहुण्याने बशी उलटी केली की ‘वेजवूड’. विचारायलाही नको.

आपल्या कोल्हापुरीची हकिगत इथेच दुखरी होते. करकर ऐकून लोकांनी विचारलं, कुठली? उत्तर मिळालं, कोल्हापुरी. कारागिराचं नाव त्या उत्तरात कधी आलंच नाही. तोंडी जाहिरात नेहमी जिभेवर सहज बसणाऱ्या नावाला चिकटते. इथे ते गावाचं होतं, आणि गावाचं नाव रेक्झिनची नक्कल विकणाऱ्यालाही फुकट वापरता येत होतं. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत हुबेहूब तसलीच पादत्राणं दिसली आणि कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, तेव्हा जो गदारोळ उठला तो उठवला कुणी? कारागिरांइतकाच तो वहाण घालणाऱ्यांनी उठवला. कंपनीला प्रेरणेचं मूळ कबूल करावं लागलं. पिढ्यान् पिढ्या पायात घालून फिरलेले लोक वेळ आल्यावर वकील झाले. अर्थात वकिली झाली ती पुन्हा गावाच्याच नावाने. आता जोडीवर क्यूआर कोड लावून करणाऱ्याची माहिती देण्याचं काम सुरू झालं आहे. ज्याने बशी कधी उलटी करून पाहिली आहे त्याला याची किंमत कळेल.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. मैत्रिणीला आणलंत तर शंभर रुपये सूट, अशी योजना करावी का? जर्मनीतल्या एका बँकेच्या ग्राहकांवर 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की 25 युरो बक्षीस घेऊन कुणीतरी आणलेले खातेदार इतरांपेक्षा जास्त टिकले आणि सरासरीने सुमारे 16 टक्के अधिक मोलाचे ठरले. म्हणजे बक्षीस वाईटच असं नाही. पण रियू आणि फिक या अभ्यासकांचा 2007 सालचा निष्कर्ष मला हातच्या धंद्याला जास्त लागू वाटतो. ओळख विरळ असेल तर सांगणाऱ्याला बक्षीस दिल्याने फरक पडतो. जिवलगाला सांगायचं असेल तर बक्षिसाचा काही भाग तरी ऐकणाऱ्याला मिळायला हवा. बरोबरच आहे. सख्ख्या बहिणीला साडी सुचवून मी शंभर रुपये खिशात घातले हे बहिणीला कळलं तर तोंड कुठे लपवायचं? तेच शंभर रुपये बहिणीला मिळाले तर मी मिरवीन. माझं मत विचाराल तर रोख रक्कम नकोच. मायेने घडवलेल्या वस्तूच्या शेपटीला दलाली शोभत नाही. सांगणारीच्या नावाने तिच्या मैत्रिणीला एक छोटी जास्तीची वस्तू द्यावी. मोडक्या पापडाचाच तो भाऊ.

विचारण्यात मात्र लाज नको. वेळ तेवढी बघावी. वस्तू विकत घेताना गिऱ्हाइकाच्या मनात अजून धाकधूक असते, तेव्हा ‘फोटो टाका हं’ म्हणू नये. दहा दिवसांनी ती स्वतः फोन करून ‘सगळ्यांना फार आवडलं’ म्हणते, तो क्षण. तेव्हा सरळ म्हणावं, ‘ताई, आणखी कुणाला हवं असेल तर माझा नंबर द्या.’ नेमकं एक काम सांगितलं की माणसं करतात.

हे सगळं साधलं की एक नवीच पंचाईत उभी राहते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हात दोनच आहेत. मोठ्या जाहिरातीने दिवाळीच्या तोंडावर एकदम पाचशे ऑर्डरी आल्या तर काम उरकलं जातं, दर्जा घसरतो आणि ज्यांनी कौतुक केलं ते तोंडघशी पडतात. तोंडी बातमी हळू चालते, हे तिचं वैगुण्य म्हणून सांगतात. हातच्या धंद्याला तोच वेग मानवतो असं मला वाटतं. लिज्जतने यावर मार्ग काढला तो घरोघरच्या हातांची संख्या वाढवून. वेजवूडने 1769 साली एट्रुरिया नावाचा कारखाना काढला आणि एकेका कामाला वेगळा माणूस नेमला. येवल्याच्या विणकराला दोन्ही जमण्यासारखं नाही. दाट नक्षीची पैठणी महिनोन् महिने मागावर असते. तो सरळ सांगतो, थांबावं लागेल. आणि थांबलेली बाई काय करते? आगाऊ रक्कम दिल्या दिवसापासून ती येईल-जाईल त्याला सांगत सुटते. मधेच विणकर मागावरच्या अर्ध्या मोराचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, ती तो नणंदेला, जावेला, ऑफिसातल्या चौघींना दाखवते. साडी अजून मागावरच आहे, आणि नणंद विचारतेय, त्यांच्याकडे पुढच्या मार्गशीर्षापर्यंत माझी होईल का.